बटन नंबर दोन

सलमाबादच्या आमच्या शेडमध्ये
त्या दिवशी दोघी शेजारी उभ्या:
हिलमन, अठ्ठावन्न सालची,
हळद पडलेल्या ताकाच्या रंगाची,
आणि चार वर्षांची काळी एसयूव्ही.
हिलमन वयाने आजी,
अंगाने तिची नात.

मी तेवीस वर्षं इथला.
दापोलीहून आलो तेव्हा हातात पाने होते,
कान नंतर तयार झाला.
हिलमन बोलत नाही, कण्हते.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला,
लाकडी मूठ कानाला,
आणि कुंजुमोनला खूण, रेस दे.
टॅपेट की बेअरिंग, ते हाडातून कळतं.

काळीला वायर खुपसली
की ती स्वतःच वाचते यादी:
सतरा तक्रारी.
उपाशी माणसानं सांगावं
डोकं दुखतंय, पाय दुखतायत, अंधारी येतेय,
आणि जेवलो नाही एवढंच सांगू नये,
तशी.
बॅटरी संपली होती. जंपर लावून आणलेली.
इथला ऑगस्ट बॅटऱ्या खातो.

दोन्हींचे मालक हाजी मन्सूर.
हिलमन त्यांच्या बापाची,
अवालीच्या रिफायनरीत हेल्पर असताना
हप्त्याहप्त्याने घेतलेली.
काळी त्यांच्या पोराची, नादिरची.
होती.

"बॅटरी काढली की विसरेल का ती?"
मला वाटलं, रेडिओबद्दल विचारतायत.
म्हटलं, माफी मुश्किल, हाजी,
स्टेशनं परत लावून देतो.
(पहिल्या वर्षी वाटायचं
अख्खा देश एकमेकांची माफी मागतोय.
मग कळलं, इथे माफी म्हणजे नाही.)

ते थोब सावरत वर चढले,
ड्रायव्हरच्या जागी बसले,
दारातलं बटन दाबलं: दोन.
सीट घुरघुरत मागे गेली,
मागे, अजून मागे,
थोडी खाली,
पाठ जराशी कलली
आणि थांबली.
हाजींच्या चपला ब्रेकपासून
वीतभर अधांतरी.
हात स्टीअरिंगला पोचेनात.
"एवढा होता," ते म्हणाले.

हिलमनमध्ये असलं काही नाही.
पुढे एकच सलग गादी,
बापाचा खड्डा आणि लेकाचा खड्डा
एक होऊन गेलेला.
मी गिऱ्हाईकांना छातीठोक सांगायचो,
जुन्या गाडीत जीव असतो,
नवी म्हणजे नुसतं मशीन.
त्यांना आवडायचं ते.
बिलातही लावता यायचं.

शेडमध्ये चार्ज केलेली सुटी बॅटरी नव्हती.
हिलमनची काढली.
तिचं सगळं उलटं, जुनी इंग्रजी खोड,
धन टोक पत्र्याला जोडलेलं,
म्हणून खुणा दोनदा तपासल्या, मग तिसऱ्यांदा.
दोन वायरी काळीच्या टोकांना.
कुंजुमोनला म्हटलं, चिमटे धर,
आणि शिंकू नकोस.
मेलेली उचलली, नवी ठेवली, नट आवळले.
चार मिनिटं.
तेवढा वेळ हिलमनच्या जिवावर
काळी आठवत राहिली.

हाजींनी पुन्हा दोन दाबलं.
घुरघुर. मागे. अजून मागे.
मी पाने पुसायला घेतले,
पुसलेलेच होते ते.

संध्याकाळी ते हिलमन घेऊन गेले.
काळी उद्या नेतो म्हणाले.
तीन आठवडे झाले.
रोज सकाळी पाच मिनिटं चालू ठेवतो,
नाहीतर नवीसुद्धा उतरेल.
पायरीवर उभा राहून
एक पाय आत, ब्रेकवर.
बसत मात्र नाही.